खिडकीतली बाई घरात नाही

शांततेचा बंदोबस्त कसा करावा, हे कोणीही माझ्याकडून शिकावं! आता तुम्ही म्हणाल, आर्वेद, तुझ्या तोंडाचा पट्टा बोट धक्क्याला लागायच्या आधी सुरू होतो आणि ती परत निघाली तरी थांबत नाही, तू कसली शांतता पुरवणार? बरोबर आहे. पण न्हाव्याला टक्कल असलं म्हणून तो दुसऱ्याचे केस कापत नाही का? तसंच आहे हे. मी बोलतो तो माझ्या हौसेने. शांतता पुरवतो ती पाहुण्यांना.

म्हणजे, पुरवणार होतो.

आमचं तूलेलाइद बेट एस्टोनियाच्या नकाशावर आहे, पण लोकांना वाटतं छापताना शाई उडाली. उन्हाळ्यात माणसं येतात, सायकली फिरवतात, धुरावलेले मासे खातात आणि जातात. शेवटची सायकल बोटीवर चढली की मग पार मे महिन्यापर्यंत आम्ही, वारा आणि वाम्बोलाचा कुत्रा.

माझी मुलगी हेली समुद्रापलीकडे, हेलसिंकीला असते. गेली तेव्हा 'दोन वर्षांसाठी' म्हणून गेली होती. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत! बोट आठवड्यातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा मी धक्क्यावर हजर असतो. लोकांना सांगतो, दोर धरायला जातो. दोर धरायला कोणीतरी लागतंच की! पण खरं सांगू? मी दोर नंतर धरतो. आधी उतरणाऱ्यांची तोंडं बघून घेतो.

तर ऑक्टोबरात हेलीचा फोन आला.

"बाबा, आईचं विणकामाचं घर रिकामंच आहे ना?"

"रिकामं कसलं? उंदीर आहेत."

"ऐका तर! लोकांना आता हिवाळ्यात गर्दीची गावं नकोशी झालीत. जिथे कोणी जात नाही, जिथे काही घडत नाही, अशी जागा हवी असते त्यांना. आपल्याकडे तर काहीच घडत नाही!"

"असं कसं? परवा वाम्बोलाचा ट्रॅक्टर..."

"बाबा! मी जाहिरात टाकतेय. 'संपूर्ण शांतता, हमखास.' हिवाळ्यात पाहुणे यायला लागले ना, तर मी इथली नोकरी सोडून तिकडे येते. नुसत्या उन्हाळ्यावर माझं भागणार नाही."

मी कप खाली ठेवला. "येतेस? कायमची?"

"आधी पहिला पाहुणा खूश होऊन जाऊ दे. तो काय लिहितो ते बघू. मग ठरवू."

त्या क्षणी मी शपथ घेतली. पहिला पाहुणा असा खूश करीन, असा खूश करीन, की त्याला स्वतःच्या पापण्या मिटल्याचा आवाज ऐकू यावा!

आणि त्यासाठी माझ्याकडे हुकमी साधन होतं. काठी.

आमच्या बेटावर दाराला कुलूप लावत नाहीत. बाहेर जाताना दाराला एक काठी तिरकी टेकवून ठेवायची. काठी दिसली म्हणजे घरात कोणी नाही. मग दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, आणि घरच्या माणसाशिवाय त्या काठीला हात लावायचा नाही. मागे एकदा ओत्तीलिए आजी पुढची काठी न काढता मागच्या दाराने आत गेली आणि चुलीपाशी पाय घसरून पडली. रस्त्याने चाललेल्या दोघांनी तिच्या हाका ऐकल्या. एक म्हणाला, "ओत्तीलिएसारखा आवाज वाटतोय." दुसरा म्हणाला, "तिचा कसा असेल? ती घरात नाहीये." आणि गेले की दोघं! शेवटी आजी रांगत दाराशी आली, तिने आतून धक्का देऊन काठी पाडली, तेव्हा तेच दोघं मदतीला धावले. आजीने त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही. चूक तिचीच होती.

तर पाहुण्याच्या दाराला एक काठी टेकवली की झालं! कोणाची बिशाद आहे त्याला त्रास द्यायची?

नाताळ उलटला आणि हेलीने कळवलं, पाहुणी येतेय. लामारा नावाच्या बाई, जॉर्जियातल्या, तिबिलिसीच्या. मी लगेच वाम्बोलाच्या दुकानात सभा भरवली. सभा म्हणजे वाम्बोला, चर्चची घंटा वाजवणारी लाइने, आणि बसायला खुर्ची मिळते म्हणून आलेली ओत्तीलिए आजी.

"ऐका!" मी म्हणालो. "माझ्याकडे पाहुणी येतेय. आठवडाभर. तिला संपूर्ण शांतता हवी आहे."

"मग तू कुठे जाणार राहायला?" वाम्बोलाने विचारलं.

सगळे हसले. हसा म्हटलं, हसा. मग मी हळूच म्हणालो, "हेलीच्या परत येण्याचा प्रश्न आहे." तसे सगळे पुढे सरकले. हेलीला लाइनेने अकॉर्डियन शिकवलेलं, वाम्बोलाने ट्रॅक्टर. ओत्तीलिए आजीने तर तिला इतकी बिस्किटं चारली होती की तिच्या दुधाच्या दातांची कीड हा आजीचाच पराक्रम.

"काय करायचं ते सांग," आजी म्हणाली.

मी सांगत गेलो आणि ते ऐकत गेले. वाम्बोलाने ट्रॅक्टर बंद ठेवायचा आणि कुत्रा मावशीकडे उत्तर टोकाला पाठवायचा. आजीने कोंबडा स्वयंपाकघरात घ्यायचा. लाइनेने अकॉर्डियनला हात लावायचा नाही, आणि घंटेच्या लोलकाला दोन लोकरी मोजे चढवायचे. रस्त्यात बाई दिसली तर मान लववायची, बोलायचं नाही. तिच्या घरावरून जाताना चवड्यांवर चालायचं.

"मोजे चढवून घंटा वाजेल कशी?" लाइने म्हणाली.

"नम्रपणे वाजेल," मी म्हणालो.

लामाराबाई बोटीतून उतरल्या तेव्हा मी दोर सोडून बघतच राहिलो. धिप्पाड बाई, गालांवर लाली, चार पिशव्या, आणि त्यांतल्या एकीतून अक्रोड गळतायत. माझ्या घशात प्रश्नांची नुसती रांग लागली! कुठून निघालात, समुद्र लागला का, घरी कोण कोण असतं, एवढे अक्रोड कशाला? भाषेची अडचण नव्हती. आम्हा दोघांच्याही पिढीला शाळेत छड्या खाऊन शिकलेली रशियन येत होती. पण मी ओठ आवळले आणि नुसतं म्हणालो, "घर. तिकडे."

बाईंनीही तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि मान डोलावली.

घर दाखवताना मी अख्ख्या आयुष्यात बोललो नसेन इतकं कमी बोललो. "चूल. लाकडं. विहीर." बस्स! त्या आत गेल्या, मी दार लावलं, माझ्या हाताने सोललेली बर्चची काठी दाराला तिरकी टेकवली आणि छाती पुढे काढून घरी आलो. घरी येऊन मात्र अर्धा तास भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत बसलो. तुंबलं होतं ना सगळं!

आता पुढचं जे सांगतो, त्यातला बाईंच्या बाजूचा भाग मला फार नंतर कळला.

झालं होतं असं, की आमच्या हेलीने त्यांना आधीच एक लांबलचक संदेश पाठवला होता. 'बेटावरच्या लोकांना शांतता प्राणापलीकडे प्रिय आहे, कृपया विनाकारण बोलून त्यांचं मन मोडू नका.' जाहिरात रंगवायच्या नादात पोरगी वाहवत गेली. बाईंना वाटलं, आपण मठातच निघालोय. आणि काठी? काठी त्यांना वाटली बर्फावर चालायला दिलेली आहे! त्या ती घेऊन फिरायला जात, आणि परत आल्यावर घरमालकाची वस्तू जिथल्या तिथे असावी म्हणून बाहेरूनच दाराला नीट तिरकी टेकवत, आणि मग अंग चोरून आत जात. कौतुकच आहे!

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी लाइने धापा टाकत आली.

"आर्वेद, तुझी पाहुणी खिडकीतून हात करतेय!"

"मग?"

"मग काय? दाराला काठी! घरात नसलेल्या बाईला मी हात कसा करू? मान फिरवली आणि आले."

"शाब्बास!" मी म्हणालो. खरंच म्हणालो. काय बुद्धी झाली होती बघा!

इकडे बाई खिडकीतून काय बघत होत्या? तर माणसं त्यांच्या दारापाशी येतात, एकाएकी चवड्यांवर चालू लागतात, तोंडं लांब करतात आणि मान खाली घालून पुढे जातात. ट्रॅक्टर नाही, कुत्रा नाही, साधा कोंबडा नाही. आणि रविवारी चर्चमधून आवाज आला तो भप... भप... भप. बाईंनी छातीवर हात ठेवला. गावात कोणीतरी मोठा माणूस गेला, ही त्यांची खात्रीच झाली! भल्या घरच्या बाई. त्यांनी पिशवीतला काळा पोशाख काढला, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि खिडकीत एक मेणबत्ती लावली.

संध्याकाळी दुकानात हाहाकार!

"तुझ्या पाहुणीचं कोणीतरी गेलं," वाम्बोला म्हणाला. "पायापासून डोक्यापर्यंत काळं घातलंय."

"कोण गेलं?"

"ते कसं कळणार? आपण बोलतोय कुठे तिच्याशी?"

"आतून भांडी आपटल्याचा आवाज आला मला," लाइने डोळे पुसत म्हणाली. "एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दुःख अनावर झालं असेल बिचारीला."

"जाऊन भेटायला हवं," मी म्हणालो.

"काठी आहे," तिघं एका सुरात म्हणाले.

"अहो, पण ती खिडकीत दिसतेय!"

"दिसेना का," ओत्तीलिए आजी ठामपणे म्हणाली. "घरात नाहीये ती."

नियम म्हणजे नियम. मग लोकांनी आपलं कर्तव्य केलं. कोणी राईची पाव-लादी, कोणी मासा, कोणी आंबट कोबीचं पातेलं असं बाईंच्या पायरीवर गुपचूप ठेवून आले, आणि दुखवट्यात सामील म्हणून ज्याने त्याने आपापल्या खिडकीत मेणबत्ती लावली. बाईंनी ते मृताच्या नावाचं जेवण म्हणून हात जोडून घेतलं, बाहेर बघितलं, तर बेटावर एकूण एक खिडकीत मेणबत्त्या! गेलेला माणूस केवढा मोठा असेल म्हणून त्यांनी आणखी दोन लावल्या. त्या बघून आम्हीही आणखी दोन लावल्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी आमचं बेट दिव्यांनी लखलखत होतं, कोणासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि वाम्बोलाने आणलेले फटाके पेटीतच राहिले.

त्या दुपारी हेलीचा फोन आला. "बाबा, कशी आहे पाहुणी?"

"शांत."

"मस्त!"

"फार म्हणजे फारच शांत, हेली."

"अहो मग आणखी काय हवंय?"

तू हवी आहेस, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्या मागे ऑफिसातली माणसं बोलत होती, कोणीतरी हसत होतं, कपबश्या वाजत होत्या. केवढा छान आवाज होता तो! मी म्हणालो, "काही नाही. तू जेवलीस का?" ती म्हणाली, "बाबा, मीटिंग आहे," आणि फोन ठेवला.

आता नवं वर्ष. आमच्याकडे त्या सकाळी बोकड निघतो. एका माणसाने मेंढीच्या कातड्याचा कोट उलटा घालायचा, लाकडाचं शिंगवालं मुंडकं चढवायचं आणि घरोघर जाऊन माणसांना ढुशा द्यायच्या. मागून अख्खं गाव. ढुशी बसली की वर्ष बरं जातं. एकही घर गाळायचं नाही. गाळलं तर त्या घराचं वर्षभर काही खरं नाही. आणि बोकड कोण? हेलीची आई गेली त्या वर्षापासून मीच. घरात बसून करायचं काय?

मुंडकं चढवून मी शेवटच्या घरापाशी, लामाराबाईंच्या दाराशी आलो आणि मागून वाम्बोला ओरडला, "थांब! काठी!"

"पण घर गाळायचं नाही!" मी मुंडक्याच्या आतून म्हणालो.

"काठी असलेल्या घरात जायचंही नाही."

"मग काय करू?"

रस्त्यातच वाद पेटला. लाइने म्हणे, घरात कोणी नाही म्हणजे गाळायला घरच नाही. आजी म्हणे, घर आहे, माणूस नाही, ढुशी भिंतीला मार. वाम्बोला म्हणे, दुखवटा असलेल्या घरी बोकड न्यायचा का, हाच आधी प्रश्न आहे. आणि हे सगळं कुजबुजत हं! शांतता मोडायची नव्हती ना!

तेवढ्यात मला मुंडक्याच्या भोकातून खिडकीतलं दिसलं. बाईंनी टेबल मांडलं होतं. दहा माणसांचं. ताटल्या, पेले, मधोमध अक्रोडाच्या दाट रश्श्यातली कोंबडी, भाकऱ्यांची चळत. आणि एवढ्या मांडामांडीच्या टोकाला काळ्या कपड्यांतली ती एकटी बाई, दाराकडे डोळे लावून बसलेली.

मला ते बसणं ओळखीचं होतं हो. आठवड्यातून दोनदा मी तसाच धक्क्यावर उभा असतो.

आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काठीचा नियम माणसांना आहे. बोकडाला काय!

मी खाली मान घातली आणि घेतली धाव. मागून "आर्वेद! अरे आर्वेद!" असं कुजबुजतं ओरडणं ऐकू आलं. शिंगांनी काठी उडाली, दार उघडलं, उंबऱ्यात पाय अडकला, आणि मी आडवा होऊन सरळ टेबलापर्यंत घसरत गेलो. मुंडकं निसटलं आणि धप्पकन जाऊन कोंबडीच्या रश्श्यात बसलं, शिंगं वर!

बाई किंचाळल्या. असा दणदणीत आवाज बेटावर कित्येक दिवसांत झाला नव्हता. मग माझ्या पाठीत लाटणं बसलं.

"सैतान! सैतान आला!"

"अहो बाई, मी आर्वेद! घरमालक!"

"बोकडाच्या कातड्यात?" दुसरा फटका.

"नवं वर्ष आहे!"

"गावात मयत झालेली असताना?"

"तेच विचारायला आलोय! तुमचं कोण गेलं?"

लाटणं हवेत थांबलं. "माझं? माझं कशाला कोणी जाईल? तुमचं कोण गेलं?"

"आमचं कोणीच नाही!"

"मग या मेणबत्त्या?"

"तुम्ही लावलीत म्हणून!"

"मी तुम्ही लोक पाय न वाजवता चालत होतात म्हणून लावली!"

"आम्ही तुम्हाला शांतता हवी म्हणून चालत होतो!"

"मला?" बाई खुर्चीत कोसळल्या. "मला शांतता? अहो, तुम्हालाच बोललेलं चालत नाही ना? तुमच्या हेलीने लिहिलं होतं!"

"मला बोललेलं चालत नाही?" मी उठून बसलो. "मला?!"

आणि बाई रडायलाच लागल्या. रडता रडता बोलत होत्या, बोलता बोलता मला हाताला धरून उठवत होत्या, आणि मधेच माझ्या कोटाला लागलेला रस्सा पुसत होत्या. घरी दोन खोल्यांत सात माणसं. सून रेडिओ लावते, नातवंडं भांडतात, शेजारीण मीठ मागायला येते ती संध्याकाळी जाते. "मी रोज ओरडायचे, मला आठ दिवस कुठेतरी पाठवा जिथे कोणाचा आवाज नाही! पोरांनी मनावर घेतलं. कौतुकाने पाठवलं हो त्यांनी! आणि इथे तिसऱ्याच दिवशी मी पातेलं हातातून मुद्दाम पाडलं. आवाज ऐकायला. उचललं, पुन्हा पाडलं. खिडकीतून हात केला तर सगळी माणसं तोंड फिरवतात. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या दिवशी जो पहिला उंबरा ओलांडतो, त्याच्या पायगुणावर अख्खं वर्ष जातं. पहाटेपासून रांधून बसलेय. म्हटलं, कोणीतरी येईल. एक तरी माणूस येईल. आणि आलं कोण? बोकड!"

"मग आता वर्ष कसं जाणार?"

बाईंनी रश्श्यातल्या शिंगांकडे बघितलं. "ढुशा खात!" त्या म्हणाल्या, आणि रडता रडता अशा काही हसल्या की चुलीवरची झाकणं थरथरली.

बाहेर एव्हाना वाम्बोलाला आडवी पडलेली काठी दिसली होती. "काठी पडली!" तो गरजला. "बाई घरात आहे!"

आणि मग गाव आत शिरलं! मेल्यासारखे गप्प राहिलेले लोक, त्यांची तोंडं एकदम सुटली. ओत्तीलिए आजीने बाईंचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, "आलीस का घरी? बरं झालं!" लाइनेने अकॉर्डियन आणलं. वाम्बोला फटाके घेऊन आला आणि एक पायरीवरच फोडला. बाईंनी पेले भरले. त्यांच्याकडे पेला उचलायचा तर आधी भाषण करावं लागतं म्हणे, आणि भाषण लांबलं तर उलट मान मिळतो. काय देश आहे! मी चुकीच्या ठिकाणी जन्मलो.

तिसऱ्या पेल्याला बाई उभ्या राहिल्या. "हा पेला," त्या म्हणाल्या, "जे या टेबलाशी हवे होते आणि नाहीत, त्यांच्यासाठी." मग माझ्याकडे वळल्या. "बोला, बातोनो आर्वेद." बातोनो म्हणजे त्यांच्याकडचं साहेब.

मी उभा राहिलो. केवढं मोठं भाषण करता आलं असतं! पण तोंडातून एवढंच आलं, "मला माझी मुलगी घरी हवी आहे. पाहुणे-बिहुणे गेले खड्ड्यात." आणि मी खाली बसलो. वाम्बोलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्या बोलण्यावर एकदाही हसला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

उरलेले दिवस लामाराबाईंच्या घरात माणसांचा नुसता राबता होता. जायच्या दिवशी धक्क्यावर अख्खं बेट हजर. बाईंनी सगळ्यांना मिठ्या मारल्या, माझ्या हातात मधात शिजवलेल्या अक्रोडांच्या चिक्कीचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, "मी तुमच्याबद्दल असं काही लिहिते की बघत राहा!"

लिहिलं! परवा सकाळी फोन वाजला तेव्हा हेलीचा श्वास वर-खाली होत होता.

"बाबा! बाबा, तुम्ही काय जादू केलीत? बाईंनी पानभर लिहिलंय. ऐका! 'चार दिवस माझ्याशी एक माणूस बोललं नाही. खिडकीतून हात केला तर लोक मान फिरवत. चर्चची घंटासुद्धा वाजत नव्हती. दारात कोणी पाऊल ठेवलं नाही.' बाबा, लोक नुसते तुटून पडलेत! मार्च अखेरपर्यंत सगळं भरलं!"

"अगं, पुढे बोकडाचंही लिहिलं असेल ना?"

"आहे, खूप लांब आहे, पण तिथपर्यंत वाचतंय कोण? बाबा, जमलं आपल्याला!"

मी आनंदाने नाचायचाच बाकी होतो. डब्यातला चिक्कीचा चांगला मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. तोंड गोड नको करायला? पोर घरी येणार होती!

"आणि सगळ्यांत मस्त काय आहे सांगू?" हेली म्हणाली. "मला तिकडे यायची गरजच नाही! लोकांना तिथे कोणी नकोच आहे, बाबा. स्वागताला कोणी नको, बोलायला कोणी नको. बुकिंग मी इथूनच बघीन. माझी नोकरीही राहील. किती सोपं झालं ना?"

मी काही बोललो नाही.

"बाबा?"

मी काही बोललो नाही.

"बाबा, ऐकू येतंय ना? ... बाबा, बोला ना. तुम्ही कधीच असे गप्प बसत नाही."

त्या टोकाला तिच्या ऑफिसातला आवाज येत होता. मग दार लावल्यासारखं वाटलं आणि तोही बंद झाला. एवढी शांतता मी कोणाला पुरवली नव्हती.

"तुम्ही रडताय का?" हेली म्हणाली. तिचाच आवाज ओला झाला होता. "बाबा, अहो... मी येते. बुधवारच्या बोटीने येते. कायमचं वगैरे आत्ता नका विचारू. पण येते, राहते, आणि मग समोरासमोर बसून बोलू. चालेल?"

मी नाकातून "हं" असा आवाज काढला. तिने फोन ठेवला.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, तिला सांगू नका. माझे वरचे दात बसवलेले आहेत, आणि ती चिक्की त्यांना अशी काही चिकटली होती की वरचा जबडा खालच्याला सोडीचना! फोन ठेवल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करून आणि सुरीच्या मुठीने ठोकून तोंड उघडावं लागलं.

पण एक खरं सांगतो. तोंड उघडल्यावर मी खुर्चीत बसून विचार केला, की उघडं असतं तर काय बोललो असतो. आणि मला, या आर्वेदला, एक शब्दसुद्धा सुचला नाही.